रेशीम अळीच्या रक्तातील अमिनो आम्ले निनहायड्रिनने मोजताना ठेवलेल्या नोंदी

३ नोव्हेंबर

पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी तुतीवरील रेशीम अळीच्या रक्तातील, म्हणजे हिमोलिम्फमधील, एकूण मुक्त अमिनो आम्लांचे प्रमाण मोजायचे ठरले आहे. प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका शेतकरी काकांनी विचारलेला आहे. त्यांची तुतीची बाग संगोपनगृहापासून लांब असल्यामुळे ते दिवसातून एकदाच पाला तोडतात आणि तो ओल्या गोणपाटाखाली ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरवतात. अशा शिळ्या पाल्याने कोष हलके पडतात का, असे त्यांना जाणून घ्यायचे होते. रेशमाच्या फायब्रॉइन या प्रथिनात ग्लायसिन, अॅलनिन आणि सेरिन यांचाच भरणा असतो आणि हा कच्चा माल रेशीमग्रंथीला रक्तातूनच मिळतो. तेव्हा कोषाच्या आधी रक्त पाहावे, असे मार्गदर्शक मॅडमचे म्हणणे पडले.

विभागात एचपीएलसी, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्ल वेगळे करून मोजणारे यंत्र, नाही. द्रावणाचा रंग किती प्रकाश शोषतो ते ५७० नॅनोमीटरवर वाचणारा एक साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, त्यामुळे अमिनो आम्लांबरोबर जांभळा रंग देणाऱ्या निनहायड्रिनशिवाय पर्याय नव्हता. मूर आणि स्टाइन यांनी १९४८ मध्ये बसवलेली ही पद्धत थोड्याफार फरकाने आजही प्रात्यक्षिकाच्या वहीत असते. वहीत ती अर्ध्या पानाची आहे. ती प्रत्यक्ष बसवायला आम्हाला चार आठवडे लागले, म्हणून या नोंदी सविस्तर ठेवत आहे.

आज अभिकर्मक तयार केला. २ ग्रॅम निनहायड्रिन ५० मिलिलिटर मिथाइल सेलोसॉल्व्ह या द्रावकात विरघळवले, पीएच ५.० असलेल्या ०.२ मोलर सायट्रेट बफरच्या ५० मिलिलिटरमध्ये ०.०८ ग्रॅम स्टॅनस क्लोराइड टाकले आणि दोन्ही एकत्र करून तपकिरी बाटलीत भरले. स्टॅनस क्लोराइड जुने असल्यामुळे बफर किंचित दुधाळ झाला होता, तरी मी तो तसाच वापरला. हा आळस पुढे नडला. २५ ग्रॅम निनहायड्रिनला सुमारे २,४०० रुपये पडले. सेलोसॉल्व्ह कपाटात होते, त्यामुळे ते फुकट मिळाले असे त्या दिवशी वाटले.

६ नोव्हेंबर

प्रमाण आलेखासाठी, म्हणजे किती अमिनो आम्लाला किती रंग येतो ते ठरवण्यासाठी, १३.१ मिलिग्रॅम ल्युसिन १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून १ मिलिमोलर द्रावण केले. नळ्यांमध्ये त्याचे ०.०५ ते ०.२५ मिलिलिटर घेतले, प्रत्येकीचे आकारमान पाण्याने १ मिलिलिटर केले, १ मिलिलिटर अभिकर्मक घातला आणि नळ्या २० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवल्या. त्यानंतर पाणी आणि एन-प्रोपॅनॉल यांचे समभाग मिश्रण ५ मिलिलिटर घालून १५ मिनिटांनी वाचन घेतले.

नुसत्या पाण्याच्या नळीचे, म्हणजे ब्लँकचे, वाचन ०.१९ आले. अमिनो आम्ल नसलेल्या नळीत एवढा जांभळा रंग येण्याचे काही कारण नव्हते. मी पाणी बदलले, बफर बदलला, तरी वाचन ०.१६ च्या खाली उतरेना. शेवटी आमच्या प्रयोगशाळेचे मामा, जे तीस वर्षे इथे काचसामान धूत आहेत, त्यांनी माझ्या हातांकडे बोट दाखवले. मी नळ्या उघड्या हातांनी, तोंडाशी अंगठा लावून उचलत होते. मामांनी गाळण कागदाच्या तुकड्यावर माझा अंगठा दाबायला लावला, त्यावर अभिकर्मकाचे दोन थेंब टाकले आणि कागद हॉटप्लेटजवळ धरला. दोन मिनिटांत अंगठ्याच्या रेषान् रेषा जांभळ्या उमटल्या. घामातली अमिनो आम्ले हीच. पोलीस कागदावरचे ठसे याच रसायनाने उठवतात.

हातमोजे घालून, नळ्या ताज्या ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून आणि चिमट्याने उचलून पुन्हा केले, तेव्हा ब्लँक ०.०६ वर आला. नुसत्या हातमोज्यांअभावी पूर्ण दिवस गेला.

९ नोव्हेंबर

ब्लँक सुधारला, पण आलेख सरळ येत नव्हता. ०.१५ मायक्रोमोलपर्यंत बिंदू रेषेवर बसत आणि पुढे रेष खाली वाकत असे. एकाच द्रावणाच्या दोन नळ्यांमध्ये ०.५१ आणि ०.४३ इतका फरक पडत होता. त्याहून वाईट म्हणजे वाचन घेताघेताच रंग उतरत होता. पहिल्या नळीचे वाचन शेवटी पुन्हा घेतले, तर ते वीस मिनिटांत ०.०७ ने कमी भरले.

तेव्हा संशय फुकटच्या सेलोसॉल्व्हवर गेला. या द्रावकाची बाटली उघडी राहिली की त्यात पेरॉक्साइडे साठतात आणि ती रंग खातात. त्याची चाचणी सोपी आहे: २ मिलिलिटर सेलोसॉल्व्हमध्ये १० टक्के पोटॅशियम आयोडाइडचे ताजे द्रावण १ मिलिलिटर घालावे, ते रंगहीन किंवा अगदी फिकट राहिले, तर द्रावक चांगला. आमचे द्रावण क्षणात चहासारखे झाले. बाटलीवर उघडल्याची तारीख नव्हती. त्या शंभर मिलिलिटर अभिकर्मकावर आणि त्यातल्या २ ग्रॅम निनहायड्रिनवर पाणी सोडले. नवी बाटली ७५० रुपयांना मागवली, सोबत ताजे स्टॅनस क्लोराइडही घेतले. सेलोसॉल्व्ह प्रजननक्षमतेला घातक आहे, म्हणून ते धूर खेचणाऱ्या कपाटातच ओतावे. मी पहिल्या दिवशी ते टेबलावर ओतले होते.

१३ नोव्हेंबर

नव्या द्रावकाने आलेख सरळ आला. अभिकर्मकाच्या ब्लँकवर यंत्र शून्य केल्यावर ०.०५ मायक्रोमोलला ०.१५ आणि ०.२५ मायक्रोमोलला ०.७४ वाचन मिळाले. चढ मायक्रोमोलमागे २.९५. तासाभरात रंग हलला नाही, पण नळ्या खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवल्या होत्या. नळ्यांच्या तोंडांवर काचेच्या गोट्या ठेवण्याची मामांची सूचनाही उपयोगी पडली. वाफ गोटीवर थंड होऊन परत नळीत ओघळते, त्यामुळे २० मिनिटे उकळूनही आकारमान घटत नाही. पन्नास गोट्या गावच्या आठवडी बाजारात साठ रुपयांना मिळाल्या.

१४ नोव्हेंबर

सरावासाठी काकांकडून पाचव्या, म्हणजे कोष करण्याआधीच्या शेवटच्या, अवस्थेतील बारा अळ्या आणल्या. पोटपायाचे टोक बारीक कात्रीने छाटून, अळी किंचित वाकवून नळीवर धरली की रक्त थेंबाथेंबाने गळते. मोठ्या अळीतून दोन-तीनशे मायक्रोलिटर सहज मिळते. पांढऱ्या कोषाच्या संकर जातीचे हे रक्त जवळजवळ रंगहीन, किंचित पिवळसर असते.

बाराही अळ्यांचे रक्त गोळा करून मग सावकाश पुढची पायरी करायची, असा माझा बेत होता. आठव्या अळीपर्यंत पोचले तेव्हा पहिली नळी करडी झाली होती आणि बारावी झाली तेव्हा ती काळी पडली होती. अर्ध्या तासात सगळ्या नळ्या पातळ शाईसारख्या दिसू लागल्या. अळीला जखम झाली की रक्तातील फिनॉलऑक्सिडेज हे विकर जागे होते आणि टायरोसिनसारख्या पदार्थांपासून काळे मेलॅनिन बनवते. म्हणजे मोजायच्या अमिनो आम्लांतले एक डोळ्यांदेखत संपत होते आणि त्याचा काळा रंग वाचनात मिसळत होता. बाराही नमुने फेकले.

शिवाय दोन अळ्यांनी हातात धरताच तोंडातून हिरवट पाचकरस ओकला आणि तो रक्तात पडला. आता अळ्या कापण्याआधी दहा मिनिटे बर्फावर ठेवायच्या, म्हणजे त्या ओकत नाहीत आणि वळवळतही नाहीत. अळीचे अंग ओलसर टिश्यूने पुसायचे, कारण विष्ठेतले नायट्रोजनयुक्त पदार्थ त्वचेला लागलेले असतात आणि अमोनिया निनहायड्रिनला तितकाच जांभळा रंग देतो.

काळेपणा रोखण्यासाठी नळीत फिनाइल थायोयुरियाचे कण टाकण्याची रीत आहे. ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि अत्यंत विषारी आहे. चिमटीने अंदाजे टाकावे लागणारे विष नवख्यांच्या हाती नको, म्हणून मॅडमनी नकार दिला. रक्त थेट प्रथिने साकळवणाऱ्या द्रावणातच घेतले तर विकरही तिथेच मरेल, हा त्यांचा पर्याय होता.

१५ नोव्हेंबर

बर्फात ठेवलेल्या नळीत रक्त घेऊन, मिनिटाच्या आत त्यातले ५० मायक्रोलिटर उचलून ४५० मायक्रोलिटर १० टक्के ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लात सोडले. पांढरा साका लगेच आला आणि काळेपणाचा मागमूस राहिला नाही. सेंट्रिफ्यूज करून वरचे नितळ द्रावण घेतले आणि ते आणखी पातळ न करता ०.१ मिलिलिटर नळीत घातले.

रंग आला, पण तो जांभळा नव्हता. मळकट तांबूस होता. वाचन ०.५८. मी ते वहीत नोंदवून हिशेबही करून टाकला आणि अळीच्या रक्तात अपेक्षेपेक्षा बरीच कमी अमिनो आम्ले आहेत असा शेरा मारला. तो शेरा वहीत आहे तसा ठेवला आहे.

१८ नोव्हेंबर

तोच नमुना निम्म्या प्रमाणात, म्हणजे ०.०५ मिलिलिटर घेऊन पाहिला, तर वाचन ०.८३ आले. नमुना निम्मा आणि रंग जास्त, हे कोणत्याही हिशेबात बसेना. दोन दिवस मी यंत्राला, क्युव्हेटला (यंत्रात द्रावण धरणाऱ्या छोट्या पात्राला) आणि स्वतःला दोष देत होते. मग नळीत पीएचचा कागद बुडवून पाहिला. ल्युसिनच्या नळीचा पीएच ५ होता आणि नमुन्याच्या नळीचा ४ च्या आसपास. हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. १ मिलिलिटर अभिकर्मकात सायट्रेट १०० मायक्रोमोल असते आणि मी नमुन्यासोबत ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल सुमारे ५५ मायक्रोमोल ओतत होते. बफरला एवढे आम्ल पेलवत नाही. निनहायड्रिनचा जांभळा रंग पीएच ५ च्या आसपास नीट उमटतो आणि त्याखाली तो मंदावतो, म्हणून जितका जास्त नमुना तितके जास्त आम्ल आणि तितका कमी रंग. प्रत्यक्षात रक्त इतके समृद्ध होते की ०.१ मिलिलिटरला यंत्राची मोजपट्टीच अपुरी पडली असती. पतंगवर्गीय कीटकांच्या रक्तात मुक्त अमिनो आम्ले माणसाच्या रक्तद्रवापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतात, हे मी परीक्षेत लिहिलेले होते. नळीसमोर बसल्यावर आठवले नाही.

एक सवय यातून लावून घेतली आहे. प्रत्येक नव्या प्रकारच्या नमुन्याचे दोन वेगळे आकारमान लावायचे आणि दुप्पट नमुन्याला दुप्पट रंग येतो का, ते आधी पाहायचे.

२२ नोव्हेंबर

आम्ल उदासीन करत बसण्यापेक्षा ते टाळलेलेच बरे, म्हणून ४५० मायक्रोलिटर गार ८० टक्के इथेनॉलमध्ये ५० मायक्रोलिटर रक्त सोडले, वीस मिनिटे बर्फावर ठेवले आणि १०,००० फेऱ्यांवर दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज केले. द्रावण स्वच्छ मिळाले, काळे पडले नाही आणि नळीचा पीएचही हलला नाही. हे दहापट विरलन. पुढे पन्नासपट विरलनासाठी मी २० मायक्रोलिटर द्रावण ९८० मायक्रोलिटर पाण्यात घातले. जोडनळ्यांची, म्हणजे एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांची, वाचने ०.३६ आणि ०.४७ अशी आली.

दोष पिपेटचा नव्हता. इथेनॉल पिपेटच्या टोकातून आपोआप गळते आणि वीस मायक्रोलिटरमधून एक थेंब निसटला तरी हिशेब कोलमडतो. टोक त्याच द्रावणाने दोनदा भरून रिकामे करायचे आणि मग १०० मायक्रोलिटर घेऊन ४.९ मिलिलिटर पाण्यात सोडायचे, असे ठरवले. विरलन तेवढेच राहिले, पण जोडनळ्या ०.४१ आणि ०.४२ वर आल्या. गणित असे: ०.४१ भागिले २.९५ म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ०.१३९ मायक्रोमोल, त्याला ५०० ने गुणले की रक्तात लिटरमागे सुमारे ७० मिलिमोल, ल्युसिनच्या मापाने.

२६ नोव्हेंबर

पद्धत नमुन्यातले सगळे पकडते का, हे तपासण्यासाठी रक्तात माहीत असलेले ल्युसिन मिसळून ते परत किती मिळते ते पाहिले. पहिल्या खेपेस ७८ टक्केच मिळाले. साका नळीच्या बुडाशी घट्ट बसून त्यात द्रावण अडकले होते. इथेनॉल घातल्यावर नळी पाच सेकंद जोरात हलवली तर साका मऊ आणि रवाळ पडतो. तसे केल्यावर ९५ टक्के मिळाले. त्यापुढे जाण्याचा हट्ट केला नाही.

प्रोलिन या वाचनात येत नाही. ते निनहायड्रिनबरोबर पिवळा रंग देते आणि त्याचे मापन ४४० नॅनोमीटरवर करावे लागते. पांढऱ्या कोषांच्या जातीत ते जमण्यासारखे आहे. पिवळ्या कोषांच्या जातींचे रक्त कॅरोटिनॉइडांमुळे मुळातच पिवळे असते आणि ते रंगद्रव्य त्याच टापूत प्रकाश शोषते, तेव्हा तिथे प्रत्येक अळीसाठी वेगळा ब्लँक लावावा लागेल.

२ डिसेंबर

खरी बॅच सुरू झाली. चॉकी सेंटरमधून (लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रातून) २० नोव्हेंबरला आणलेल्या अळ्या आज चौथी कात टाकून पाचव्या अवस्थेत आल्या. एका ट्रेला व्ही-१ या तुतीच्या वाणाचा ताजा पाला आणि दुसऱ्याला चोवीस तास गोणपाटाखाली ठेवलेला पाला. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी प्रत्येक ट्रेमधून सहा अळ्या, प्रत्येकीच्या दोन नळ्या. मराठवाड्यात डिसेंबरच्या रात्री गारठा असतो, त्यामुळे खोली २५ अंशांवर ठेवण्यासाठी हीटर आणि हवा कोरडी पडू नये म्हणून ओली पोती लावली आहेत.

४ डिसेंबर

नळ्या उकळायला ठेवून नऊ मिनिटे झाली आणि वीज गेली. वॉटर बाथ हळूहळू निवत गेला. वीज परत आल्यावर उरलेली अकरा मिनिटे पुरी केली, पण सोबतच्या ल्युसिनच्या नळ्याही नेहमीच्या रेषेवर बसल्या नाहीत, तेव्हा चोवीस नळ्यांचे वाचन रद्द केले. द्रावण फ्रीझरमध्ये शिल्लक होते म्हणून नमुने वाचले. मामांनी घरून स्टीलचे मोठे पातेले आणि गॅसची शेगडी आणली. तेव्हापासून उकळणे पातेल्यातच होते. नळ्यांतील द्रावणापेक्षा बाहेरचे पाणी दोन बोटे वर असले पाहिजे आणि घड्याळ पाणी पुन्हा खळखळू लागल्यावरच सुरू करायचे, कारण चोवीस गार नळ्या एकदम घातल्या की उकळी बसते.

६ डिसेंबर

शिळ्या पाल्याच्या ट्रेमधील एका अळीचे रक्त दुधासारखे पांढरे निघाले. अळीच्या अंगावरच्या वळ्या सुजलेल्या होत्या आणि ती ट्रेच्या काठाने अस्वस्थ फिरत होती. काकांना फोन केला, तर नमुना न पाहताच ते म्हणाले, "ग्रासरी आहे ती, आधी बाजूला काढ आणि हात धू." विषाणूच्या या रोगात रक्त गढूळ होते. आणखी दोन अळ्या तशाच दिसल्या. तिन्ही काढून ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात टाकल्या, ट्रेवर चुना भुरभुरला आणि नमुन्यासाठी दुसऱ्या अळ्या घेतल्या. आजारी अळीचे रक्त मोजण्याचा मोह झाला होता, पण ती कात्री पुढच्या अळीला लागली असती.

८ डिसेंबर

दोन्ही ट्रेमधील काही अळ्यांनी खाणे सोडले आहे आणि त्यांचे अंग पारदर्शक पिवळसर दिसू लागले आहे. सातव्या दिवसाचे नमुने सकाळीच घेतले आणि उरलेल्या अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्याच्या चौकटीवर, सोडल्या.

१२ डिसेंबर

सगळी वाचने मांडून झाली. पाचव्या दिवशी ताज्या पाल्याच्या सहा अळ्यांची सरासरी लिटरमागे ७१ मिलिमोल आणि शिळ्या पाल्याच्या सहा अळ्यांची ६६ मिलिमोल भरली. पण एकाच ट्रेमधल्या, एकाच दिवशीच्या अळ्या ५२ पासून ८८ पर्यंत पसरल्या आहेत. या पसाऱ्यात पाचचा फरक असला काय आणि नसला काय, सारखेच. शिवाय कात टाकण्याची वेळ आम्ही ट्रेनुसार नोंदवली, अळीनुसार नाही. काही अळ्या इतरांपेक्षा अर्धा दिवस मागे असणार आणि पाचव्या अवस्थेत अर्धा दिवस थोडा नसतो. कोषांची वजने घेण्याचे तर नियोजनच नव्हते, आणि काकांचा प्रश्न कोषांविषयी होता.

काकांना तसेच सांगितले. ते म्हणाले की पुढच्या बॅचला ते स्वतः दोन रॅक वेगळे ठेवतील आणि कोष तोलून देतील. रक्त काढायला आम्ही यायचे. पुढच्या वेळी कात टाकलेल्या अळ्या दोन-दोन तासांनी वेगळ्या करायच्या आहेत आणि प्रत्येक गटात किमान वीस अळ्या घ्यायच्या आहेत, म्हणजे नळ्या तिपटीहून जास्त होतील. अभिकर्मक दोनशे मिलिलिटर लागला, एकूण खर्च गोट्या, पातेल्याचा गॅस आणि वाया गेलेले निनहायड्रिन धरून ५,१०० रुपये झाला. अठ्ठेचाळीस अळ्यांचे शिल्लक द्रावण उणे २० अंशांवर ठेवले आहे. सोमवारपासून त्याचे प्रोलिनसाठी ४४० वर वाचन घ्यायचे आहे. त्याआधी क्युव्हेट घासून घ्यायला हवेत, कारण दोन क्युव्हेटच्या तळाशी जांभळी कड राहिली आहे.